आधी वीजदराचा आदेश वाचा, मग अनामत भरा

पत्र: मी चंद्रपूरची. विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा औष्णिक वीज केंद्रात तंत्रज्ञ आहेत. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख बघत मोठी झाले आणि त्याच केंद्राच्या पगारावर आमचं घर उभं राहिलं. मला ऊर्जा आणि पर्यावरण धोरणात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे. नागपूरच्या एका प्रवेश सल्लागारामार्फत ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. सगळा खर्च ३५ लाखांच्या आसपास आहे आणि अनामत सहा आठवड्यांत भरायची आहे. घरचे म्हणतात, एम.टेक. कर किंवा महावितरणच्या परीक्षेला बस. धोरण हा काय विषय असतो? मला गणित जमतं, पण अर्थशास्त्र कधीच शिकले नाही. कर्ज काढून जावं का? भारतात काही आहे का? आणि पुढे नोकरी कोण देतं?

उत्तर: अनामत इतक्यात भरू नका. विषय उत्तम आहे, तुमची पार्श्वभूमी त्याला साजेशी आहे आणि परदेशी जाण्यातही काही गैर नाही. चुकतोय तो क्रम. अर्थशास्त्राचं एक पान वाचलेलं नाही, शिष्यवृत्तीचा एकही अर्ज केलेला नाही, विद्यापीठही सल्लागारानेच पुढे केलेलं, आणि त्यासाठी ३५ लाखांचं कर्ज! पुढचं वर्ष नीट वापरलंत तर हाच किंवा याहून चांगला अभ्यासक्रम फार कमी खर्चात मिळू शकतो.

आधी घरच्यांच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो रास्त आहे. तुम्ही ट्रान्सफॉर्मर शिकलात, भारप्रवाह शिकलात, सौर पॅनेलची कार्यक्षमता काढायला शिकलात. धोरणाचा अभ्यास तिथून पुढे सुरू होतो. हा खर्च शेवटी कोणाच्या बिलात जाणार? तसं ठरवण्याचा अधिकार कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने कोणाला दिला आहे? आणि नियम असूनही तो पाळला का जात नाही?

एक हिशोब करून बघा. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प घ्या, खर्च ४ कोटी रुपये धरा, क्षमता वापर, म्हणजे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला असता तर मिळाली असती त्या विजेतला प्रत्यक्ष वाटा, १९ टक्के धरा. वर्षाला १००० × ८७६० × ०.१९, म्हणजे सुमारे १६.६ लाख युनिट वीज. भांडवल २५ वर्षांत ९ टक्के दराने फेडायचं तर वर्षाला ४०.७ लाख रुपये लागतात, वर देखभालीचे ४ लाख धरा. युनिट पडलं २ रुपये ६९ पैशांना. आता फक्त व्याजाचा दर १२ टक्के करा. वार्षिक फेड ५१ लाखांवर जाते आणि युनिट ३ रुपये ३० पैशांचं होतं. पॅनेल तेच, ऊन तेच, अभियंतेही तेच. युनिटमागे साठ पैसे वाढले ते बँकेला वाटणाऱ्या जोखमीमुळे. वितरण कंपनी पैसे वेळेवर देईल का, सरकार बदललं की करार फिरेल का, जमिनीवर दावा लागेल का, या शंकांची किंमत त्या साठ पैशांत आहे. ती कमी कशी करायची हे धोरणाचं काम, आणि ते भावनेवर नाही, आकडेमोडीवर चालतं.

जोखीम चुकीच्या माणसाच्या डोक्यावर टाकली तर काय होतं याचं उदाहरण महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ साली झाला, १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटी झाल्या आणि २००१ मध्ये तो बंद पडला. संचांच्या अभियांत्रिकीपेक्षा कराराची कलमं भोवली: वीज घेतली नाही तरी द्यावी लागणारी स्थिर आकाराची रक्कम, डॉलरशी बांधलेला दर आणि राज्याला लागणाऱ्या विजेचा फुगवलेला अंदाज. अभियांत्रिकी येणारा आणि करारही वाचू शकणारा माणूस म्हणूनच मोलाचा असतो. बाबांना हे उदाहरण सांगा, त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त आठवत असेल.

आता स्वतःची परीक्षा. या विषयात आपल्याला खरंच रस आहे, की पर्यावरणाबद्दल आस्था आहे एवढंच, हे कर्ज काढण्याआधी कळायला हवं. आस्था मौल्यवान आहे, पण ती असलेल्या कित्येकांना चारशे पानांचा दर-आदेश वाचणं असह्य होतं, आणि पुढच्या नोकरीत बहुतेक वेळ तेच वाचायचं असतं. दोन महिने द्या आणि दोन कामं करा.

पहिलं काम: महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या संकेतस्थळावरून महावितरणचा ताजा बहुवर्षीय दर-आदेश उतरवून घ्या. पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी सरासरी पुरवठा खर्च शोधा, म्हणजे ग्राहकाच्या दारापर्यंत एक युनिट पोचवायला कंपनीला किती रुपये लागतात. मग घरगुती, शेती, उद्योग, व्यापारी असा प्रत्येक वर्ग प्रत्यक्षात सरासरी किती देतो ते पाहा. दोन्हींतल्या फरकातून क्रॉस सबसिडी दिसेल: कोणाच्या खिशातून कोणाला. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६५ नुसार राज्य सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम आगाऊ भरावी लागते. आदेशात ही रक्कम वेगळी दाखवलेली आहे का, तेही बघा.

त्यानंतर शेतीपंपांच्या वापराचं प्रकरण वाचा. ते सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत शिकवणारं आहे. अनेक पंपांना मीटर नाहीत, बिल अश्वशक्तीवर निघतं, त्यामुळे शेतीने किती वीज वापरली हा अंदाज असतो. समजा एका भागात १०० युनिट सोडली आणि मीटरवर ७० मोजली गेली. उरलेल्या ३० पैकी २० शेतीच्या नावावर टाकली तर वितरण हानी १० टक्के दिसते. शेतीचा खरा वापर १२ च असेल तर हानी १८ टक्के. म्हणजे शेतीचा आकडा फुगला की गळती आणि चोरी झाकली जाते, अनुदानाची मागणी वाढते आणि बदनाम होतो शेतकरी. हे कोड्यासारखं सोडवावंसं वाटलं, फीडरनिहाय, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक वाहिनीचे, तक्ते स्वतः मांडून बघावेसे वाटले, तर तुम्ही या विषयासाठी योग्य आहात. तिसऱ्याच दिवशी कंटाळा आला तरी वाईट वाटून घेऊ नका. अशा वेळी सौर किंवा साठवण तंत्रज्ञानातलं एम.टेक. तुम्हाला जास्त आनंद देईल.

दुसरं काम तुमच्या घराजवळचं. कोळशाच्या वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये घालून दिली. मुदत दोन वर्षांची होती, ती पुन्हा पुन्हा वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये केंद्रांची तीन गटांत विभागणी झाली: राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांच्या दहा किलोमीटरमधली केंद्रं पहिल्या गटात, गंभीर प्रदूषित क्षेत्रं किंवा हवेच्या मानकांत न बसणारी शहरं यांच्या दहा किलोमीटरमधली दुसऱ्या गटात, बाकीची तिसऱ्यात. तिसऱ्या गटाला ही सल्फरची मर्यादा पाळण्यातून सूट मिळाली, दुसऱ्याचा निर्णय प्रकरणागणिक व्हायचा आहे. चंद्रपूर कुठे बसतं आणि का, हे अधिसूचना वाचून तुम्हीच ठरवा.

मग दोन पानांचं टिपण लिहा. धुरातलं सल्फर काढणारी यंत्रणा बसवायला मेगावॅटला एक कोटी रुपये लागतात असं गृहीत धरा. ६५ टक्के क्षमता वापरावर एक मेगावॅट वर्षाला सुमारे ५७ लाख युनिट देतो. संच अजून २५ वर्षं चालणार असेल तर १० टक्के दराने वर्षाला ११ लाख, म्हणजे युनिटला १९ पैसे. तोच संच दहा वर्षांत निवृत्त होणार असेल तर वर्षाला १६.३ लाख, म्हणजे २९ पैसे; चुनखडी आणि यंत्रणेला लागणारी वीज वेगळी. जुन्या संचावर खर्च करावा, तो लवकर बंद करावा की आहे तसा चालवावा? तिन्ही पर्यायांत कोणाचा फायदा, कोणाच्या फुफ्फुसांची किंमत, कोणत्या कंत्राटी कामगाराची रोजी, हे मांडा. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं आहे, दोन संच २१० मेगावॅटचे आणि पाच ५०० चे. जुन्या-नव्या संचांचा हा फरक तुमच्या टिपणात यायलाच हवा. पाण्याकडे, म्हणजे इरई धरणाकडे, आणि राखेकडेही पाहा: पूर्ण भाराच्या जवळ चालणारा ५०० मेगावॅटचा एक संच दिवसाला सात हजार टनांच्या आसपास कोळसा जाळतो, आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राखच असते.

हे टिपण वाया जात नाही. विद्यापीठं अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात तेव्हा हेच द्यायचं. उद्देशपत्रात गच्चीवरच्या राखेची आठवण जरूर लिहा, पण एका वाक्यात. निवड समितीसमोर बालपणीच्या प्रदूषणाच्या आठवणी ढिगाने येतात. स्वतःच्या गावच्या संचांचा पैशांपर्यंत हिशोब केलेला उमेदवार फार कमी वेळा येतो. शिफारसपत्रही तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या प्राध्यापकांकडूनच घ्या. ‘मेहनती आणि प्रामाणिक विद्यार्थिनी’ असं विभागप्रमुखांनी लिहिलेलं पत्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

अर्थशास्त्राची भीती बाळगू नका. विद्युत अभियंत्याला सूक्ष्म अर्थशास्त्र जड जात नाही. सीमांत खर्च, मागणीची लवचीकता, बाह्य परिणाम, भविष्यातल्या पैशाचं आजचं मोल या चार कल्पना पक्क्या करा. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर सूक्ष्म अर्थशास्त्राचा आणि सांख्यिकीचा एकेक अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षाही द्या, म्हणजे अर्जात दाखवता येईल. सांख्यिकीत रिग्रेशनपर्यंत पोचा आणि ते एक्सेलमध्ये नाही, आर किंवा पायथनमध्ये करायला शिका. अभियंत्यांचं खरं अडतं ते दुसरीकडे. ‘योग्य उत्तर’ काढून झालं की काम संपलं असं त्यांना वाटतं. ते उत्तर आयोगासमोर, न्यायालयात किंवा गावातल्या सभेत का टिकत नाही, हे समजायला कायदा आणि समाजशास्त्र लागतं. तो भाग कमी लेखू नका.

त्यासाठी पुस्तकापेक्षा एखादी जनसुनावणी उपयोगी पडेल. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो, अध्यक्षपदी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी असतो आणि कार्यवाहीचं चित्रीकरण होतं. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी आणि सिमेंटचे कारखाने असल्याने अशा सुनावण्या होतच असतात. आधी सारांश वाचून जा. लोकांनी काय विचारलं आणि इतिवृत्तात काय उतरलं, हे नंतर शेजारी ठेवून वाचा. पदव्युत्तर प्रबंधाचा विषय तिथे मिळू शकतो.

आता अभ्यासक्रम कसा पारखायचा. नावावर जाऊ नका. ‘पर्यावरण व्यवस्थापन’ नावाचे बरेच अभ्यासक्रम कारखान्यातले परवाने, सांडपाणी आणि सुरक्षा यांसाठी माणसं घडवतात. ‘शाश्वतता’ नावाचे काही व्यवस्थापन अभ्यासक्रम कंपन्यांचे अहवाल लिहायला शिकवतात. दोन्ही कामं प्रामाणिक आहेत, पण तुम्ही मागताय ते नाही. विषयवार पत्रक उघडा आणि चार गोष्टी शोधा: सूक्ष्म किंवा पर्यावरणीय अर्थशास्त्राची सक्तीची परीक्षा, सांख्यिकी किंवा प्रतिमानांचा विषय, कायदा किंवा नियमनाचा विषय, आणि वीज किंवा इंधन क्षेत्रावर किमान एक पूर्ण विषय. चारपैकी दोनच सापडले तर पुढचं पत्रक उघडा. मग शिकवणाऱ्यांची गेल्या तीन वर्षांतली प्रकाशनं पाहा. माहितीपत्रकावर ज्यांचा फोटो आहे ते तुमच्या वर्षी रजेवर नाहीत ना, हेही विचारा. शेवटी मागच्या दोन तुकड्यांतल्या विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर शोधा आणि एकच प्रश्न विचारा: पहिली नोकरी मिळायला किती महिने लागले?

भारतात काय आहे? मुंबईत आयआयटीमध्ये तुमच्यासाठी तीन दारं आहेत. ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकी विभाग तंत्रज्ञानाकडे झुकलेला आहे. अशांक देसाई धोरण अभ्यास केंद्रात सार्वजनिक धोरणाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी मिळते. आणि सितारा, म्हणजे ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र, इथे ‘तंत्रज्ञान आणि विकास’ या विषयातलं एम.टेक. गेटच्या गुणांवर होतं. आमच्या मते विदर्भातल्या अभियंत्याने सितारा सगळ्यांत आधी पाहावं, कारण तिथे पाणी, शेतीपंप आणि फीडर या प्रश्नांवर प्रत्यक्ष गावात काम करावं लागतं. शिवाय नाव एम.टेक. असल्याने घरातला वादही मिटतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हवामान बदल आणि शाश्वतता अभ्यासाचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशाचा पहिला टप्पा सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा. दिल्लीत टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेचं अभिमत विद्यापीठ, आयआयटी दिल्लीची सार्वजनिक धोरण शाळा. बंगळूरला राष्ट्रीय विधी विद्यापीठाची सार्वजनिक धोरण पदवी. अर्थशास्त्रच खोलात शिकावंसं वाटलं तर पुण्याची गोखले संस्था.

एक उणीव सांगायला हवी. भारतात केवळ ऊर्जा धोरणाला वाहिलेले अभ्यासक्रम कमी आहेत. बहुतेक ठिकाणी ऊर्जा हा धोरणाच्या किंवा पर्यावरणाच्या पदवीतला एक कोपरा असतो. ती कसर प्रबंध आणि उन्हाळी प्रशिक्षण यांतून भरून काढावी लागते. पुण्यातला प्रयास ऊर्जा गट, दिल्लीची सीईईडब्ल्यू, बंगळूरची सीस्टेप अशा धोरण संशोधन संस्थांमध्ये काही महिने काम केलंत तर एका विषयाच्या वर्गापेक्षा जास्त शिकाल. वीजदराच्या सुनावण्यांमध्ये सामान्य ग्राहकाच्या बाजूने आकडेवारीनिशी बोलण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. विद्युत अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये आयोगाला ग्राहकांचा प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे आणि प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत यांनी ते काम केलेलं आहे. इतर राज्यांतले अभ्यासक महाराष्ट्राच्या या सुनावण्या मुद्दाम वाचतात. तुम्हाला त्या घरबसल्या, स्वतःच्या भाषेत ऐकता येतात.

परदेशात या विषयाची मुळं जुनी आहेत. ब्रिटनमध्ये ससेक्स विद्यापीठाचं विज्ञान धोरण संशोधन केंद्र १९६६ पासून आहे, अमेरिकेत बर्कलेचा ऊर्जा आणि संसाधन गट १९७३ पासून, आणि डेलावेअर विद्यापीठात तर ‘ऊर्जा आणि पर्यावरण धोरण’ याच नावाची पदव्युत्तर पदवी मिळते. तिथे शिकण्यासारखं भरपूर आहे. पण पैशांचा हिशोब आधी.

३५ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत: महिन्याचा हप्ता सुमारे ४७,२०० रुपये. हा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून. दीड वर्ष व्याज भरलं नाही तर साडेपाच लाख वाढतात, मुद्दल साडेचाळीस लाखांच्या घरात जाते आणि हप्ता ५४,७०० च्या आसपास. भारतातल्या संशोधन संस्थेत नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात येणाऱ्या पगाराचा मोठा भाग यात जाईल. मग तुम्हाला आवडणारं काम सोडून जास्त पगाराचं कोणतंही काम धरावं लागेल. ब्रिटनमध्ये थांबून कमवू, असा विचार असेल तर पदवीनंतर काम करण्याच्या परवान्याची मुदत आधी तपासा. ती दोन वर्षांची होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ती अठरा महिन्यांवर येते आहे. धोरणाच्या नोकऱ्यांत त्या देशाचा कायदा आणि राजकारण माहीत असणं अपेक्षित असतं, त्यामुळे प्रोग्रामरला जितक्या सहज तिथे नोकरी लागते तितक्या सहज धोरण अभ्यासकाला लागत नाही. वर्ष लहान, प्रबंध तीन महिन्यांचा, आणि नोकरीचे अर्ज पहिल्या सत्रातच सुरू करावे लागतात, हेही लक्षात घ्या.

सल्लागाराबद्दल थोडं. परदेशी विद्यापीठं प्रवेशामागे सल्लागारांना दलाली देतात. त्यात बेकायदा काही नाही, पण जी विद्यापीठं दलाली देत नाहीत त्यांची नावं तुम्हाला त्या कार्यालयात ऐकू येणार नाहीत. शिष्यवृत्त्यांचंही तेच.

आणि शिष्यवृत्त्या आहेत. ब्रिटनसाठी तिथल्या सरकारची चेव्हनिंग: शुल्क, प्रवास, राहणं, सगळं. अट दोन वर्षांच्या म्हणजे २८०० तासांच्या कामाच्या अनुभवाची आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची. डाड या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांनाही साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो. इथे घरच्यांचं म्हणणं आणि तुमची इच्छा एकत्र येतात. महावितरण, महापारेषण, महाऊर्जा ही राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था, एखादी सौर कंपनी किंवा ऊर्जा लेखापरीक्षण करणारी संस्था, यांपैकी कुठेही दोन वर्षं काम केलंत तर वाट सोडली असं होत नाही. उलट या शिष्यवृत्त्यांचं दार तिथूनच उघडतं. शाखा कार्यालयात बिलांच्या तक्रारी हाताळलेली अभियंता वर्गात कोणापेक्षाही जास्त बोलू शकेल.

अनुभवाविना जायचं असेल तर युरोपचे इरास्मुस मुंडुस संयुक्त अभ्यासक्रम पाहा. पर्यावरण विज्ञान, धोरण आणि व्यवस्थापनाचा मेस्पॉम हा त्यातलाच: व्हिएन्ना, लुंड, मँचेस्टर आणि ग्रीसमधलं एजियन विद्यापीठ मिळून तो चालवतात. या योजनेत शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क भरावं लागत नाही आणि महिना १४०० युरो मिळतात. मात्र तुमच्या तुकडीसाठी युरोपीय शिष्यवृत्ती शिल्लक आहे का, हे ईमेलने विचारून घ्या. निधीचा करार संपला तरी अभ्यासक्रम चालू राहतो आणि मग सगळा खर्च स्वतःचा. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शुल्क नाममात्र असतं, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात आणि शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलेलं एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. त्याला अनेक आठवडे जातात, म्हणून अर्जाच्या आधीच सुरुवात करा. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला निधी आजही परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांच्या योजना त्या त्या विभागाकडे विचारा. या योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट असते, आणि सल्लागाराने सुचवलेलं विद्यापीठ नेमकं त्यात बसत नाही असं बरेचदा होतं.

नोकरी कोण देतं, याचं उत्तर पाच वर्षांपूर्वीपेक्षा आज बरंच मोठं आहे. संशोधन संस्था आहेतच. वीज कंपन्यांमध्ये, सरकारी आणि खाजगी दोन्ही, नियामक कामकाजाचा विभाग असतो. दर याचिका तयार करणं, आयोगासमोर मांडणं हे त्यांचं काम, आणि तिथे विद्युत अभियंत्याला पहिली पसंती मिळते. आयोगांना आणि सरकारी खात्यांना सल्ला देणाऱ्या कंपन्या नवी मुलं घेतात. काम दमवणारं असतं, पण दोन वर्षांत पाच राज्यांचे दर-आदेश वाचून होतात. याशिवाय कार्बनचा हिशोब. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना आली आणि तिच्यात सिमेंट, कागद असे उद्योग आले आहेत. दोन्ही उद्योग चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. युरोपीय संघाने पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट वगैरे आयातीवर कार्बन समायोजनाचा आकार १ जानेवारी २०२६ पासून लागू केल्याने निर्यातदारांनाही उत्सर्जनाचे खरे आकडे ठेवणारी माणसं लागतात.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो, म्हणून इथेच सांगतो. भारताच्या स्थापित वीज क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा व्हावा हे २०३० चं लक्ष्य २०२५ मध्येच गाठलं गेलं. मग कोळसा निम्म्यावर आला का? नाही. तयार होणाऱ्या विजेतली सुमारे सत्तर टक्के अजून कोळशाचीच आहे. एक मेगावॅट सौर वर्षाला १६-१७ लाख युनिट देतो आणि एक मेगावॅट कोळसा ५७ लाख, हे वरच्या दोन हिशोबांतून तुम्हाला दिसलंच आहे. क्षमता आणि निर्मिती यांतला हा फरक सांगता न येणारे उमेदवार आश्चर्य वाटावं इतके असतात.

वेळापत्रक असं ठेवा. गेटची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि परीक्षा फेब्रुवारीत. पेपर तुमच्याच शाखेचा द्या. इरास्मुसचे अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारी, अमेरिकेचे डिसेंबर-जानेवारीत, सीयूईटी-पीजीची नोंदणीही त्याच सुमारास. दोन महिन्यांची वरची कामं त्याआधी उरकलेली हवीत, कारण उद्देशपत्र त्यांवरच उभं राहणार आहे. चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात. अनुभव पूर्ण होईल त्या वर्षासाठी तारीख आत्ताच लिहून ठेवा.

आणि हातातल्या प्रवेशाचं काय? विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला स्वतः ईमेल करा, सल्लागारामार्फत नको. तीन गोष्टी लेखी विचारा. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का? तेव्हा शुल्क आजचंच राहील की वाढेल? आणि अनामत भरल्यावर व्हिसा नाकारला गेला किंवा शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर ती परत मिळते का आणि किती दिवसांत? व्हिसा नाकारला तर अनामत परत देणारी विद्यापीठं बरीच आहेत. केवळ विचार बदलला म्हणून परत देणारी कमी. उत्तर सहा आठवड्यांच्या आत येईल. नाही आलं तर अनामत भरायची नाही.